लेसरचा किरण अणूंना थंड कसा करतो?

लेसर म्हटले की डोळ्यांसमोर उष्णता उभी राहते. कारखान्यात पोलादाचा पत्रा कापणारा लेसर, सोनाराकडे दागिन्याचा तुटलेला सांधा जोडणारा लेसर, मुतखडा फोडून त्याचा भुगा करणारा लेसर. या सर्व ठिकाणी प्रकाश पदार्थात शिरतो आणि पदार्थ तापतो. उन्हात ठेवलेली वस्तू तापते हा तर रोजचाच अनुभव. पण जगातल्या अनेक भौतिकशास्त्र प्रयोगशाळांत एका निर्वात पेटीत अणूंचा एक लहानसा ढग तरंगत असतो. त्याचे तापमान केवल शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या, अगदी जवळ असते. या पेटीला बर्फ लागत नाही की द्रवरूप हेलियम लागत नाही. अणूंना इतके थंड करतात ते लेसरचे किरण.

जो प्रकाश पोलाद वितळवतो तोच अणूंना थंड कसा करतो? या प्रश्नाच्या उत्तरासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स या तिघांना १९९७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या लेखात फिलिप्स यांच्या कामाचा धागा धरून हे उत्तर पाहू. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या गेथर्सबर्ग इथे त्या देशाची मापन-प्रमाणे सांभाळणारी सरकारी संस्था आहे. तिचे नाव तेव्हा नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स होते, १९८८ पासून ते ‘निस्ट’ झाले. फिलिप्स १९७८ मध्ये या संस्थेत रुजू झाले आणि तिथेच त्यांनी अणूंना थोपवण्याचे काम सुरू केले.

थंड म्हणजे संथ

आधी तापमानाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. वायूचे तापमान म्हणजे त्यातल्या अणू-रेणूंच्या धावपळीचे माप. आपण बसलो आहोत त्या खोलीतले हवेचे रेणू सेकंदाला सरासरी पाचशे मीटरच्या आसपास वेगाने सैरावैरा धावत असतात. हवा तापली की ही धावपळ वाढते, निवली की कमी होते. केवल शून्याला ती शक्य तितकी कमी झालेली असते. केल्विन ही मोजपट्टी याच बिंदूपासून सुरू होते. तिच्यावर खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्विन भरते.

तेव्हा वायूला थंड करायचे म्हणजे त्याच्या अणूंचा वेग कमी करायचा, एवढाच प्रश्न उरतो. नेहमीच्या पद्धतीत वायूचा एखाद्या थंड पृष्ठभागाशी संपर्क आणतात. पण तसे केले की वायूचा द्रव होतो आणि पुढे घन होतो. अणू एकमेकांना चिकटतात. सुटा, मोकळा अणू न्याहाळायचा असेल तर त्याला भिंतीचा स्पर्श होऊ न देता थांबवावे लागते. त्यासाठी प्रकाशाइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

प्रकाशाचा धक्का

प्रकाशाला वजन नसले तरी धक्का देण्याची शक्ती असते. धूमकेतूची धुळीची शेपटी सूर्यापासून दूर ढकलली जाते ती सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे. प्रकाश छोट्या-छोट्या पुडक्यांनी येतो. अशा प्रत्येक पुडक्याला फोटॉन म्हणतात. अणूने एक फोटॉन गिळला की फोटॉन ज्या दिशेने चालला होता त्या दिशेने अणूला हलकासा धक्का बसतो. ओटो फ्रिश यांनी १९३३ मध्येच सोडियमच्या दिव्याचा प्रकाश सोडियम अणूंच्या झोतावर टाकून तो झोत किंचित वळतो हे दाखवले होते.

हा धक्का किती मोठा असतो? सोडियमचा अणू ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश शोषतो. आपल्या शहरांतले जुने पिवळे रस्त्यावरचे दिवे आठवा, हा तोच रंग. असा एक फोटॉन गिळल्याने सोडियम अणूचा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटरने बदलतो. भट्टीतून निघालेला सोडियमचा अणू मात्र सेकंदाला हजार मीटर वेगाने धावत असतो.

कॅरमच्या पटावरून धावणाऱ्या स्ट्रायकरवर समोरून ज्वारीचे दाणे मारले तर एका दाण्याने काहीच होणार नाही. पण दाण्यांचा मारा सतत होत राहिला तर स्ट्रायकर शेवटी थांबेल. सोडियमच्या अणूला थांबवायला असे सुमारे तेहतीस हजार फोटॉन लागतात. हा आकडा मोठा वाटतो, पण अणूचा झपाटाही तसाच असतो. फोटॉन गिळल्यावर सोडियमचा अणू सुमारे १६ नॅनोसेकंदांत तो पुन्हा बाहेर टाकतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. लेसर पुरेसा प्रखर असेल तर एक अणू सेकंदाला तीन कोटी फोटॉन गिळू आणि टाकू शकतो. त्यामुळे हजार मीटर वेगाचा अणू साधारण एका मिलिसेकंदात आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबतो. या ब्रेकचा जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ लाखपट असतो.

इथे एक शंका येते. अणू फोटॉन गिळतो तसा तो बाहेरही टाकतो. मग टाकताना बसणाऱ्या उलट्या धक्क्याने सगळा हिशेब शून्य होत नाही का? तसे होत नाही. गिळलेले सर्व फोटॉन एकाच दिशेने, म्हणजे समोरून, आलेले असतात. टाकलेले फोटॉन मात्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी मागे, कधी पुढे जातात. त्यांचे धक्के सरासरीत एकमेकांना छेद देतात आणि समोरून आलेल्या माऱ्याचा परिणाम तेवढा शिल्लक राहतो.

फक्त समोरून येणाऱ्याला अडवायचे कसे?

अणूंचा झोत एका दिशेने येत असेल तर समोरून लेसर सोडणे सोपे आहे. पण वायूतले अणू सर्व दिशांनी धावतात. डावीकडून सोडलेला लेसर आपल्याकडे येणाऱ्या अणूला थोपवेल, पण दूर चाललेल्या अणूला मागून आणखी ढकलेल. म्हणजे निम्म्यांचा वेग कमी होईल आणि निम्म्यांचा वाढेल. लेसर फक्त समोरून येणाऱ्या अणूवर चालावा आणि बाकीच्यांना त्याने सोडून द्यावे, अशी काहीतरी निवड हवी.

ही निवड डॉप्लर परिणाम करून देतो. फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा भोंग्याचा आवाज चढा लागतो आणि ती पुढे निघून गेली की तोच आवाज उतरतो. प्रकाशाचेही तसेच होते. लेसरच्या दिशेने धावणाऱ्या अणूला त्याच्या प्रकाशाची वारंवारिता, म्हणजे सेकंदातील कंपनांची संख्या, किंचित वाढलेली भासते. लेसरपासून दूर जाणाऱ्या अणूला ती किंचित घटलेली भासते.

अणू प्रकाशाच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. त्याच्यातले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकतात. एका पातळीवरून दुसरीवर जायला नेमकी जितकी ऊर्जा लागते तितक्याच ऊर्जेचा फोटॉन तो गिळतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात वारंवारितेचा हा जुळणारा पट्टा मूळ वारंवारितेच्या जेमतेम पाच कोटी भागांपैकी एका भागाइतका रुंद असतो. त्यापेक्षा फार चुकलेला फोटॉन अणूला जवळजवळ दिसतच नाही.

आता युक्ती अशी. लेसरची वारंवारिता मुद्दाम अणूच्या पसंतीपेक्षा थोडी कमी ठेवायची. थांबलेल्या अणूशी हा प्रकाश नीट जुळत नाही. दूर जाणाऱ्या अणूला तो आणखीच कमी वारंवारितेचा भासतो, म्हणून तोही त्याला फारसा शोषत नाही. लेसरकडे धावत येणाऱ्या अणूला मात्र हीच वारंवारिता डॉप्लर परिणामाने वाढून बरोबर जुळते आणि तो फोटॉन भराभर गिळू लागतो. असे लेसर पुढून-मागून, डावी-उजवीकडून आणि वरून-खालून मिळून सहा बाजूंनी सोडले, तर अणू कोणत्याही दिशेने निघाला तरी त्याला समोरच्या लेसरचा अडथळा होतो. १९७५ मध्ये थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी मुक्त अणूंसाठी ही कल्पना मांडली. त्याच वर्षी डेव्हिड वाइनलँड आणि हान्स डेमेल्ट यांनी सापळ्यात धरलेल्या आयनांसाठी, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंसाठी, ती स्वतंत्रपणे मांडली.

मग उष्णता जाते कुठे?

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे शाळेत शिकलेले असते. मग अणूची ऊर्जा कुठे गेली? अणू किंचित कमी ऊर्जेचा फोटॉन गिळतो आणि सरासरीने किंचित जास्त ऊर्जेचा फोटॉन बाहेर टाकतो. हा फरक तो स्वतःच्या वेगातून भरून काढतो. प्रत्येक फेरीत अणूच्या गतीतला एक कण बाहेर पडणाऱ्या प्रकाशाबरोबर निघून जातो. आत येणारा लेसरचा प्रकाश एका दिशेचा, एका रंगाचा आणि शिस्तीचा असतो. बाहेर पडणारा प्रकाश मात्र चोहीकडे विखुरलेला असतो. अणूंची अव्यवस्था तोच घेऊन जातो.

पोलादाच्या पत्र्यात नेमके हे होत नाही. तिथे अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. शोषलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडण्याआधीच शेजारच्या अणूंच्या थरथरीत वाटली जाते आणि पत्रा तापतो. लेसर तापवणार की थंड करणार, हे शोषलेली ऊर्जा कुठल्या वाटेने बाहेर पडते यावर ठरते.

फिलिप्स यांचा ब्रेक

कल्पना आणि प्रयोग यांत एक मोठी अडचण होती. अणूचा वेग कमी झाला की डॉप्लर परिणामही कमी होतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेला लेसर थोड्याच वेळात जुळेनासा होतो आणि ब्रेक मध्येच सुटतो. फिलिप्स आणि हॅरल्ड मेटकाफ यांनी त्यावर चुंबकाचा उपाय शोधला. चुंबकीय क्षेत्रात अणूच्या ऊर्जापातळ्या सरकतात. याला झीमन परिणाम म्हणतात. त्यांनी तारेचे असे वेटोळे बनवले की त्याच्या आतले चुंबकीय क्षेत्र एका टोकाला तीव्र आणि पुढे क्रमाने सौम्य होत जाईल. अणू जसजसा संथ होतो तसतशी त्याची पसंतीची वारंवारिताही सरकते आणि लेसरशी त्याचा मेळ शेवटपर्यंत टिकतो. १९८२ मध्ये त्यांनी या पद्धतीने सोडियमच्या झोताचा वेग लक्षणीय कमी करून दाखवला. ‘झीमन स्लोअर’ या नावाने हे साधन आजही जगभर वापरले जाते.

१९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा बाजूंनी लेसर सोडून सोडियमचे अणू थंड केले. या प्रकाशात अणू चिकट पाकात अडकल्यासारखे रेंगाळत, म्हणून त्यांनी त्याला ‘ऑप्टिकल मोलॅसिस’, म्हणजे प्रकाशाची काकवी, असे नाव दिले. तिथे तापमान मोजले गेले ते सुमारे २४० मायक्रोकेल्विन. एक मायक्रोकेल्विन म्हणजे केल्विनचा दहा लाखावा भाग. सिद्धांतानेही हाच आकडा दिला होता. बाहेर टाकलेल्या फोटॉनचे धक्के सरासरीत शून्य होत असले तरी ते अणूला इकडेतिकडे हलवत राहतात. ही हालचाल आणि लेसरचा ब्रेक यांचा जिथे तोल साधतो, त्याखाली तापमान जाऊ शकत नाही, असे गणित होते. या तापमानाला ‘डॉप्लर मर्यादा’ म्हणतात. सोडियमसाठी ती २४० मायक्रोकेल्विन होती. गणित आणि प्रयोग जुळले होते, त्यामुळे विषय संपल्यासारखा वाटत होता.

सिद्धांतापेक्षा थंड

फिलिप्स यांच्या गटाने तरीही तापमान अधिक काटेकोरपणे मोजायचे ठरवले. अणूंच्या ढगात तापमापी खुपसता येत नाही, म्हणून मोजण्याची रीत वेगळी असते. लेसर अचानक बंद करतात. ढगातले अणू मोकळे होऊन खाली पडू लागतात आणि पडता-पडता पसरतात. ठरावीक अंतरावर एक मंद लेसर किरण ठेवलेला असतो. कोणत्या क्षणी किती अणू त्या किरणापाशी पोहोचले हे पाहून त्यांचा मूळ वेग काढता येतो. ढग थंड असेल तर तो कमी पसरतो.

१९८८ मध्ये या पद्धतीने आलेले उत्तर होते सुमारे ४० मायक्रोकेल्विन. सिद्धांताने घातलेल्या मर्यादेच्या ते सहापट खाली होते. या तापमानाला अणू एका दिशेत सेकंदाला जेमतेम बारा सेंटिमीटर सरकतात. ताऱ्यांमधल्या रिकाम्या अवकाशाचे तापमान सुमारे २.७ केल्विन असते. हा ढग त्याहून सुमारे ६८ हजार पट थंड होता.

भौतिकशास्त्रात प्रयोग अपेक्षेपेक्षा वाईट निघणे नेहमीचे असते, पण इथे तो अपेक्षेपेक्षा चांगला निघाला होता. आकडा चुकला असावा असे समजून त्यांनी तो बाजूला टाकला नाही. वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा मोजले आणि उत्तर टिकले. याचा अर्थ सिद्धांतात काहीतरी राहून गेले होते.

ते काय होते हे पॅरिसमध्ये क्लोद कोहेन-तानुजी आणि झाँ दालिबार यांनी उलगडले, आणि अमेरिकेत चू यांच्या गटानेही. जुन्या गणितात अणूची मूळ ऊर्जापातळी एकच धरली होती. प्रत्यक्षात सोडियमच्या मूळ पातळीत अनेक उपपातळ्या असतात. समोरासमोरचे लेसर एकत्र आले की प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, जागोजागी बदलते. त्यामुळे अणूसाठी ऊर्जेचे चढ-उतार तयार होतात. अणू एक चढ चढतो आणि त्यात आपला वेग खर्च करतो. माथ्यावर पोहोचताच प्रकाश त्याला दुसऱ्या उपपातळीवर, म्हणजे पुन्हा तळाशी, नेऊन टाकतो. उतरताना मिळायला हवी होती ती ऊर्जा फोटॉनबरोबर बाहेर जाते. मग पुन्हा चढ येतो. ग्रीक पुराणात सिसिफस नावाच्या राजाला एक शिळा सतत डोंगरावर चढवत राहण्याची शिक्षा मिळाली होती. त्याच्यावरून या पद्धतीला ‘सिसिफस शीतन’ हे नाव पडले.

माझ्या मते या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सिद्धांत आणि प्रयोग जुळलेले असताना पुन्हा मोजण्याची तसदी कोणी घेतली नसती, तर हा शोध आणखी किती वर्षे लांबला असता कोण जाणे.

याचा उपयोग काय?

पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग घड्याळाचा. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियमच्या अणूवरून केली जाते. या अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९२,६३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद. अणू जितका जास्त वेळ न्याहाळता येईल तितके मोजमाप अचूक होते. पूर्वीच्या घड्याळांत सिझियमचे अणू वेगाने निघून जात, त्यामुळे सेकंदाचा शंभरावा भाग मिळाला तरी खूप. आता लेसरने सिझियमचे अणू थंड करून ते हलकेच वर उडवतात. ते सुमारे मीटरभर वर जातात आणि गुरुत्वाकर्षणाने परत येतात. त्यामुळे न्याहाळायला जवळजवळ पूर्ण सेकंद मिळतो. अशा घड्याळाला सिझियम फाउंटन म्हणतात. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते. तिथेही असे घड्याळ उभारले गेले.

दुसरा उपयोग पदार्थाच्या नव्या अवस्थेचा. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये फोटॉनसाठी गणित मांडले आणि आइन्स्टाइन यांनी ते अणूंना लावले. पुरेशा थंडीत असंख्य अणू एकाच क्वांटम अवस्थेत येतील असे भाकीत त्यातून निघाले. ही अवस्था प्रत्यक्षात यायला १९९५ साल उजाडले. अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे अणू आधी लेसरने थंड केले. मग त्यातले सर्वांत वेगवान अणू निसटू देऊन उरलेल्यांचे तापमान केल्विनच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास आणले. त्याच वर्षी एमआयटीमध्ये वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियममध्ये हीच अवस्था मिळवली. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले.

रेणू अवघड का?

अणूंसाठी इतके साधले, मग रेणूंसाठी का नाही? लेसर शीतनाला तोच फेरा हजारो वेळा हवा असतो. अणूने फोटॉन टाकल्यावर त्याच मूळ पातळीवर परत यायला हवे. रेणूत अनेक अणू जोडलेले असतात. तो कंप पावतो आणि फिरतो, त्यामुळे त्याच्या ऊर्जापातळ्या शेकडोंनी असतात. फोटॉन टाकताना रेणू यांपैकी कुठल्याही पातळीवर उतरू शकतो आणि लेसरशी त्याचे नाते तुटते. येल विद्यापीठात डेव्हिड डिमिल यांच्या गटाने यासाठी स्ट्रॉन्शियम फ्लोराइड हा रेणू निवडला, कारण तो बहुतेक वेळा मूळ कंपन-पातळीवरच परततो. चुकून दुसरीकडे उतरलेल्या रेणूंना परत आणायला त्यांनी जादा लेसर लावले आणि २०१० मध्ये या रेणूचे लेसर शीतन करून दाखवले. २०२१ मध्ये तर सर्नमधल्या ‘अल्फा’ प्रयोगात प्रतिहायड्रोजन, म्हणजे प्रतिद्रव्याचा अणू, लेसरने थंड करण्यात आला.

थोडक्यात

• वायूचे तापमान म्हणजे त्याच्या अणूंच्या धावपळीचे माप. थंड करणे म्हणजे अणूंना संथ करणे.
• अणूने फोटॉन गिळला की त्याला फोटॉनच्या दिशेने हलका धक्का बसतो. असे हजारो धक्के मिळून अणूला थांबवतात.
• लेसरची वारंवारिता अणूच्या पसंतीपेक्षा थोडी कमी ठेवतात. डॉप्लर परिणामामुळे समोरून येणारा अणूच तो प्रकाश नीट शोषतो.
• अणूची ऊर्जा विखुरलेल्या प्रकाशाबरोबर बाहेर जाते.
• १९८८ मध्ये फिलिप्स यांच्या गटाने मोजलेले तापमान सिद्धांताच्या मर्यादेपेक्षाही कमी निघाले. त्याचा उलगडा सिसिफस शीतनाने झाला.

आपल्या जवळचे थंड अणू

हे सगळे दूरदेशीचे आहे असे वाचकाने समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये लेसरने थंड केलेल्या अणूंवर संशोधन होते. पुण्याच्या आयुकामध्ये यटर्बियमच्या आयनावर चालणाऱ्या अचूक घड्याळाचे काम चालते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतही अणुघड्याळे आणि सूक्ष्म मापन यांना स्थान आहे. या कामासाठी पुढच्या काळात लेसर, चुंबक, निर्वात यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताळू शकणारी कितीतरी माणसे लागतील.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्याचा रंग बदलतो, या १९२८ मधल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधाची ती आठवण आहे. त्या सुमारास अनेक संशोधन संस्था आपली दारे सर्वसामान्यांसाठी उघडतात. घरात भौतिकशास्त्रात रस असलेली मुले असतील तर त्यांना तिथे जरूर न्या. लेसरने अणू थंड कसा होतो हे तिथल्या संशोधकांना विचारायला सांगा, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरावर पुढचा प्रश्नही विचारायला सांगा.